बिंदगीतला गोसावी

माझ्या घरात एक दाढीवाला मासा आहे. दाढी म्हणजे केसांची नव्हे. नाकावर आणि कपाळावर मऊ मांसाचे फाटे फुटलेत, खोडलेल्या बाभळीला धुमारे फुटावेत तसे. दुकानदार त्याला ब्रिसलनोज म्हणतात, गल्लीतले लोक काच चाटणारा मासा म्हणतात, आणि माझी सासू त्याला गोसावी म्हणते. तिघांत सासूचं नाव टिकलं. आमच्या घरात बहुतेक बाबतीत असंच होतं.

येरमाळ्यात हायवेला माझं मेडिकल आहे. घाट चढून आलेली माणसं एसटीतून उतरली की आधी माझ्या दुकानाकडं बघतात, मग येडाईच्या डोंगराकडं हात जोडतात. मागतात एकच, उलटीची गोळी. ही गोळी घाटाच्या आधी घ्यायची असते, हे मी त्यांना घाटानंतर सांगतो. दुकानाच्या मागं घर, आणि दुकान नि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत माशांची टाकी. म्हणजे मी औषध द्यायला जाता-येता मासे बघतो, आणि मासे मला. त्यांचं माझ्याविषयी काय मत आहे ते पुढं येईलच.

सोलापूरला औषधांचा माल आणायला गेलो होतो, तेव्हा एका दुकानात हे मासे पहिल्यांदा दिसले. काचेला तोंड लावून काच अशी स्वच्छ करत होते की आमच्या काउंटरची काच आठवून मला लाज वाटली. दुकानदार म्हणाला, "जोडी न्या. घरच्या घरी पिल्लं होतात ह्यांची." मी असा माणूस आहे की 'पिल्लं होतात' एवढं ऐकलं की मनातल्या मनात ती वाटून मोकळा होतो. एसटी येरमाळ्याला पोचायच्या आत मी फोनवर चार लोकांना पिल्लं कबूल केली होती.

टाकीत नारळाची एक करवंटी उपडी ठेवली, दार पाडून. हा मासा अंडी घालतो ती गुहेत, असं वाचलं होतं. मग वाट बघत बसलो. दोघं त्या करवंटीसाठी झटायचे. तोंडाला तोंड लावायचे, शेपट्यांनी एकमेकांना थोपटायचे. मी बायकोला हाक मारली. म्हटलं, "बघ, काय प्रेम आहे."

ती पदराला हात पुसत आली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्याला प्रेम म्हणत असतील, तर मग आपलं काय चाललंय?"

पुढं दोघांनाही दाढ्या फुटल्या. मला तरी शंका आली नाही. माशांच्या जगात बायकांना दाढी चालत असेल, आपण कोण बोलणारे, असा माझा उदार विचार. दरम्यान ह्या माशांना तासायला लाकूड लागतं असं कळलं. औषधाच्या धंद्यातला माणूस साधं लाकूड कसं घालेल? मी कडुनिंबाची ओली फांदी घातली, पाल्यासकट. दुपारपर्यंत पाणी हिरवट झालं आणि दोघं पाण्यावर येऊन तोंडं उघडायला लागले. बायकोनं चाळणीनं काढून त्यांना बादलीत घातलं आणि एवढंच विचारलं, "माशाला गोवर आला होता का?"

शेवटी एक उन्हाळा वाया घालवून मी दोघांनाही घेऊन सोलापूर गाठलं. दुकानदारानं पिशवी उजेडात धरली. "साहेब, हे दोन्ही नवरदेव आहेत." मग त्यातला एक ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यात गुळगुळीत तोंडाची, जरा पोटाळ अशी एक मादी दिली. पिल्लं कबूल केलेल्या लोकांना मी सांगितलं, की स्थळ बदललं आहे, मुहूर्त जरा पुढं गेलाय.

ह्याच सुमारास मामी आल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई.

मुरुमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून त्यांचं गाव. मामा गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. रान पुतण्याला बटईनं दिलेलं, पण रोज एक चक्कर बांधावर असायचीच. एक दिवस उंबऱ्यात पाय मुरगळून पडल्या, आणि शेजारच्या बाईला कळेपर्यंत कितीतरी वेळ तशाच पडून राहिल्या. गुडघा सुजून नारळाएवढा झाला. बायको जाऊन त्यांना घेऊन आली. येताना त्यांनी एक पिशवी आणली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं. ते बायकोनं माळ्यावर ठेवून दिलं.

मामींच्या पिढीत लेकीच्या घरी राहायचं म्हणजे जिवावर येतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड जातं म्हणतात. पहिल्याच जेवणाला त्यांनी भिंतीकडं बघत जाहीर केलं, "गुडघा चालाया लागला की म्या जाणार. येळवशीला माझ्या रानात पायजे."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, भाज्या घातलेली भज्जी आणि ताकातली ज्वारीची आंबील पोट फुटेस्तोवर खातात. ज्याला स्वतःचं रान नाही त्यालाही कुणीतरी आपल्या रानात ओढून नेतं. मामींना मात्र स्वतःचंच रान हवं होतं, आणि येळवशीनंतर तिथंच राहायचं होतं, त्याच उंबऱ्याच्या आत, एकटीनं.

बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आईला जाऊ द्यायचं न्हाय. तिथं परत पडली तर कुणाला कळायचं पण न्हाय. पण मी म्हणून ती राहणार न्हाय. लेकीनं म्हणायला काय लागतंय. जावयानं सोत्ताच्या तोंडानं 'राहा' म्हटलं तरच राहील."

"त्यात काय," मी म्हटलं. "म्हणतो की."

दिवसभरात शंभर अनोळखी माणसांशी मी बोलतो. खोकला कोरडा आहे का ओला, हे जिल्ह्यातल्या कुणालाही तोंडावर विचारू शकतो. पण सासूसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यांचंही तसंच. जावयाशी सरळ बोलायचं नाही, त्याला रागवायचं तर मुळीच नाही, हा त्यांचा नेम. मी खोलीत गेलो की त्या डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या. मी 'राहा' म्हणायला तोंड उघडायचो आणि तोंडातून यायचं, "मामी, गोळी घेतली का?" त्या म्हणायच्या, "घेतली की, जावईबापू." आणि दोघंही सुटायचो.

एकदा मात्र मी हिय्या केला. जेवण झाल्यावर, तुम्ही पाहिजे तेवढं राहा, असं सुचवायचं म्हणून विचारलं, "मामी, किती दिवस राहायचा विचार आहे?"

बायकोच्या हातातली पळी पातेल्यात पडली. मामींनी मान खाली घातली. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून पिशवीची चेन लावल्याचा आवाज आला.

त्यानंतर दोन दिवस बायको माझ्याशी बोलत होती, पण ते मी ऐकावं म्हणून नव्हे.

दुःख झालं की मी टाकीकडं वळतो. करवंटीत नर आता मावत नव्हता, अर्धा बाहेर लोंबायचा. मादीनं करवंटीकडं बघायचंही सोडलं होतं. चांगली, अंधारी, अरुंद तोंडाची गुहा पाहिजे होती. मी माळ्यावर हुडकलं आणि एका जुन्या कापडात गुंडाळलेलं मातीचं भांडं सापडलं. गोल पोट, लहान तोंड, भाजून भाजून काळंतांबडं झालेलं. माझ्या माशासाठीच कुंभारानं घडवलंय असं वाटलं. हे काय आहे, कुणाचं आहे, असं विचारायची पद्धत जगात आहे. ती मला मागून सुचते. मी भांडं गरम पाण्यानं धुतलं, गच्चीवर बादलीत मुरत ठेवलं आणि नंतर टाकीत आडवं लावून दिलं. नर त्याच दिवशी आत शिरला. तोंडाशी नुसती दाढी दिसायची.

मामी तेव्हा गुडघ्यासाठी घरातल्या घरात चालायचा सराव करत होत्या. भिंतीला धरत धरत एका सकाळी मधल्या खोलीत आल्या आणि टाकीसमोर थबकल्या. मी दुकानातून बघत होतो. त्यांनी बराच वेळ भांड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी लगेच गिऱ्हाईक नसतानाही गोळ्या मोजायला लागलो.

मग त्या बोलायला लागल्या. माझ्याशी नव्हे, माशाशी.

"काय रं गोसाव्या. दुसऱ्याच्या वस्तूत इचारल्याबिगर शिरत्यात व्हय? कुणाची हाय, कशाची हाय, येवढं तरी इचारावं का न्हाय? येवढी दाढी वाढवलीस, दुकान मांडलंस, आक्कल कवा घेनार?"

'दुकान मांडलंस' ऐकल्यावर उरलीसुरली शंका फिटली. बायको धावत आली, टाकीत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ती आंबिलाची बिंदगी आहे. दर येळवशीला बाबा डोक्यावर घेऊन रानात जायचे. त्यासाठी तर आईनं जपून आणली, येळवशीला परत न्यायची म्हणून."

मी बाहीसकट हात टाकीत घातला. बिंदगी उचलणार, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "थांबा."

गोळीचं सोडलं तर आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याशी सरळ बोलल्या होत्या. हात पाण्यात ठेवूनच मी थांबलो.

"आत काय तरी हाय. बगा."

मी मोबाइलची बॅटरी लावली. बिंदगीच्या पोटात, मागच्या बाजूला, अंड्यांचा घोस चिकटला होता. शेंदरी रंगाचे, ज्वारीच्या दाण्याएवढे दाणे, कणसासारखे एकमेकांना घट्ट धरून. आणि गोसावी त्यावर अंग धरून पंख हलवत होता. एका लयीत, न थांबता.

"अंडी आहेत, मामी."

"आन ह्यांची माय कुठं हाय?"

मी कोपऱ्यात बोट दाखवलं. मादी काकडीच्या चकतीवर बसून आरामात खात होती. "ती अंडी घालून मोकळी. पुढचं सगळं हाच करतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत हा बिंदगी सोडत नाही. धड जेवत पण नाही."

"मंजी गोसावी संसारी निगाला," मामी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्या घरात आल्यापासून मी त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "वारा घालतोय बग," त्या लेकीला म्हणाल्या. "तुज्या बापानं तुला कांजिण्या आल्त्या तवा असाच घातला हुता."

त्या दिवशी त्या टाकीसमोरून जेवायलाच उठल्या. निर्णय त्यांनीच दिला. अंडी फुटू द्यायची, पिल्लं निघू द्यायची, मग बिंदगी घ्यायची आणि जायचं. येळवस तोंडावर आली होती, पण लेकुरवाळ्याला घराबाहेर काढून देवाची आंबील न्यायची, हे त्यांच्या मनाला पटेना. बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीनं गेलो. तिनं ताटात एक जास्तीची पोळी वाढली.

"चुकून का होईना," ती म्हणाली, "पण आता बिंदगी रिकामी व्हायच्या आत तोंड उघडा."

आता पाण्याचं सांगतो. आमच्याकडं नळ रोज येत नाही. आला की घरातली सगळी भांडी भरतात, आणि भरायच्या आधी आधीचं पाणी ओतून देतात, कारण ते शिळं. नळाला पाणी आल्या दिवशी ज्या घरात शिळं पाणी राहिलं, त्या घरातली बाई आळशी. ह्या नियमात कुठंच मासा बसत नाही. माशाला शिळंच पाणी लागतं. नळाच्या ताज्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर असते. ती माणसाला बरी, पण माशाला सोसत नाही. पाणी चार-दोन दिवस उघडं राहिलं की तिचा जोर उतरतो. म्हणून मागच्या बोळात माझं एक निळं बॅरल असतं, त्यात मुरवलेलं पाणी. बायकोला ते माहीत होतं. मामींना कुणी सांगितलंच नव्हतं.

अंडी बिंदगीत असतानाच एक दिवस नळ आला, तेव्हा बायको बाजारात होती आणि मी दुकानात. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही म्हणून मामी काम शोधतच असायच्या. दुपारी मी नेहमीप्रमाणं बॅरलमधून दोन बादल्या काढल्या आणि टाकीत ओतल्या. वास? वास येत होता. पण दिवसभर औषधांत बसणाऱ्या माणसाला टीसीएलचा वास स्वच्छ वाटतो. मी तर खोल श्वास घेतल्याचं मला आठवतं.

थोड्याच वेळात मामींची हाक आली. "जावईबापू, गोसावी भाईर आला."

मी गेलो तर मादी पाण्याच्या वर तोंड काढून होती. आणि जो काही केल्या बिंदगी सोडत नव्हता तो काचेला धडका देत फिरत होता. गालफडं भात्यासारखी चालली होती. मी बादली नाकाशी धरली आणि मग कुठं डोक्यात उजेड पडला.

"बॅरलचं पाणी कुणी बदललं?"

"म्या," मामी म्हणाल्या. "शिळं हुतं की. वर तवंग आल्ता."

"शिळंच पाहिजे असतं, मामी. शिळंच."

त्यांचा चेहरा पडला. मी असं म्हणायला नको होतं, पण म्हणून झालं होतं. "ते पाणी ओतलं कुठं?" मी विचारलं.

"ओतीन कशाला? पाणी हाय का चेष्टा. शेजारणीला पाइप लावाया सांगितला आन तिच्या म्हशीच्या हौदात सोडलं."

मी दोन्ही बादल्या उचलल्या आणि पळालो. शेजारच्या काकू गोठ्यात होत्या, म्हशीचं तोंड हौदात. "काकू, म्हैस मागं घ्या, मला पाणी पाहिजे."

"ह्या हौदातलं? मेडिकलवाल्याला?"

"आमचंच आहे. सकाळी दिलेलं."

"दिलेलं परत घेत्यात व्हय," काकू म्हणाल्या, पण दावं ओढलं. म्हशीनं माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरलेलो नाही.

मामींनी बिंदगीचंच ते लुगड्याचं कापड बादलीवर धरलं, त्यातून आम्ही हौदाचं पाणी गाळलं. मी टाकीतलं पाणी उपसत होतो, बाजारातून आलेली बायको गाळलेलं ओतत होती. पुढं दुकानात कुणीतरी उलटीची गोळी मागत होतं. मी आतूनच ओरडलो, "थांबा जरा, आत्ता घाट आमच्या घरात आलाय."

हळूहळू मादी खाली बसली. गोसाव्याचं धापणं कमी झालं. पण तो एका कोपऱ्यात जाऊन चिकटला तो हलेना. बिंदगीत अंडी एकटी. पंखांनी हलवलेलं पाणी लागलं नाही तर ती पांढरी पडून कुजतात, हे मला माहीत होतं. मग मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्तीचा इतिहास पाहता तिथंच थांबायला पाहिजे होतं. मी हवेच्या पंपाची नळी बिंदगीच्या तोंडाशी धरली. बिंदगीतून असा खळखळाट सुटला की जणू आत वरण उकळतंय. गोसावी घाबरून फिल्टरच्या मागं गेला.

"ते काढा," मामी म्हणाल्या. "घरात येवढा गोंधळ आसल तर कोण येईल माघारी? लाइट घालवा. सगळी भाईर चला."

आम्ही दुकानात येऊन बसलो. बायको काउंटरवर गिऱ्हाईक बघायला लागली. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मामी. त्या दुकानात पहिल्यांदाच आल्या होत्या. हात मांडीवर ठेवून, रस्त्याकडं बघत त्या म्हणाल्या, "जावईबापू, एक सांगते. ती लेकरं मेली तर म्या उद्याच्या गाडीनं जाणार. लेकीच्या घरात बसून खाल्लं, वर नुसकान केलं, असं माझ्या हातनं न्हाय व्हायचं."

आता तरी 'राहा' म्हणायला पाहिजे होतं. बायको पाठमोरी होती, पण तिचे कान माझ्याकडं होते. माझ्या तोंडातून मात्र दुसरंच निघालं. मी त्यांना दोन नवरदेवांची गोष्ट सांगितली. ते करवंटीसाठी कसे झटायचे आणि मी त्याला प्रेम कसं समजलो, ते सांगितलं. मग कडुनिंबाची फांदी सांगितली. मग एकदा मी पंपाचं समजून टाकीच्या हीटरचं बटण दाबून जत्रेला गेलो होतो, ते. मामी आधी नुसत्या ऐकत होत्या. गोवरापाशी त्यांचा पदर तोंडाकडं गेला. हीटरपाशी खांदे हलायला लागले.

"मंजी तुमी ह्येच्यापरीस लई मोटी कामं करून बसलाव म्हना."

"मामी, ह्या घरात मासे मारायचा पहिला मान माझा आहे. तुमचा नंबर लई खाली लागतो."

त्यांनी डोळे पुसले. हसण्याचे का कशाचे, मी विचारलं नाही. चहा झाला. मग त्याच उठल्या, भिंत धरत आत गेल्या. बऱ्याच वेळानं हळू आवाजात हाक आली. मी चवड्यावर गेलो. अंधाऱ्या टाकीत बिंदगीच्या तोंडातून एक शेपटी बाहेर दिसत होती. ती हलत होती, एका लयीत.

थोडी अंडी गेली. ती पांढरी पडलेली त्यानं स्वतःच तोंडानं बाहेर आणून टाकली. बाकीची शाबूत राहिली.

येळवस माझ्या भावाच्या रानात झाली. आंबील ह्या वर्षी दुधाच्या किटलीतून गेली आणि ती मी डोक्यावर घेतली, म्हणजे भावाच्या बांधापर्यंत निम्मी माझ्या सदऱ्यावर. मामी कोपीच्या सावलीला बसल्या. पहिला द्रोण बाजूला काढून त्यांनी मुरुमच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले, आणि मग जेवल्या. घरी परतल्यावर चप्पल काढायच्या आधी टाकीसमोर गेल्या. अंडी फुटली होती. पिवळ्या पोटाची, शेपटी फुटलेली टिंबं बिंदगीच्या आतून चिकटली होती आणि बाप अजून वारा घालतच होता.

पुढचे दिवस मामींचे. पिल्लं बाहेर पडली आणि काचभर पसरली, डोळे नि तोंड असलेल्या तिळांसारखी. त्यांना उकडलेल्या दोडक्याची फोड लागायची, पालकाचं पान लागायचं. काकडी तरंगू नये म्हणून मामी तिच्यात स्टीलचा चमचा खोचून बुडवायच्या. आमच्या घरातले चमचे त्या काळात पाण्यातच असायचे, वरणाला वाटी लागायची. बायको म्हणायची, माझ्या बाळंतपणात एवढं केलं नव्हतंस. मामी म्हणायच्या, तू येवढी शानी कुठं हुतीस.

पण पिल्लं मोठी झाली, गुडघा सरळ झाला, संक्रांत होऊन गेली. एका सकाळी मी मधल्या खोलीत आलो तर टाकीत बिंदगी नव्हती. ती बाहेर भिंतीवर उन्हात वाळत होती. दाराशी पिशवी. चेन लावलेली. दुपारच्या गाडीला निघायचं ठरलेलं.

बायको चुलीसमोर माझ्याकडं पाठ करून उभी होती.

मामी टाकीपाशी उभ्या होत्या. बिंदगी जिथं होती तिथं वाळूत एक गोल खळगा राहिला होता. गोसावी त्या उघड्या खळग्यात पोट टेकून बसला होता. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, तरी तिथंच.

"मामी," मी म्हटलं. घसा साफ केला. "ह्याला बिंदगी लागते."

त्यांनी पदर पुढं ओढला नाही. सरळ माझ्याकडं बघितलं. "बिंदगी पायजे, का बिंदगीवाली? जावई मानूस हाव, तोंड हाय न्हवं? नीट सांगा."

"दोन्ही," मी म्हटलं. "राहा."

"मग आदी म्हनायचं," त्या म्हणाल्या. "म्या कवाधरनं ऐकाया बसलेय. तुमी आपलं गोळी घेतली का, गोळी घेतली का."

त्या बाहेर गेल्या, बिंदगी उचलली, हुंगली. "आता हिच्यात आंबील कशाला धरतीय. सगळा माशाचा वास," असं भिंतीला सांगितलं. मग हातातल्या बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बिंदगी त्या खळग्यात बसवली. गोसावी वाट बघत होता तसा आत गेला. मी बसवली होती तेव्हा एवढी नीट बसली नव्हती.

कबूल केलेल्या सगळ्यांना पिल्लं पोचली. औषध घ्यायला आलेली माणसंही दोन-दोन घेऊन जातात आणि विचारतात, जोडी आहे ना? मी म्हणतो, एक उन्हाळा थांबा, दाढी सांगेल. कुणाला नाही म्हणायला मला आता जड जातं. ज्यानं मला दोन नवरदेव दिले तो सोलापूरचा दुकानदार, जिच्या तोंडचं पाणी आम्ही काढून आणलं ती म्हैस, आणि तो खळग्यात बसलेला गोसावी, ह्या सगळ्यांचे माझ्यावर काही ना काही उपकार आहेत. शहाणपणानं मी कधी सासूला घरी ठेवून घेऊ शकलो नसतो.

परवा नळ आला. मी दुकानात होतो. मागच्या बोळातून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अहो आजी, ते निळं बॅरल तसंच राहिलं की. ओता ते शिळं पाणी."

आणि मामींचा, ठसक्यात, "आमच्यात न्हाय ओतत."